एकवीस किलोमीटर म्हणजे किती

आमच्या ऑफिसात ती बदलून आली तेव्हा तिचा चेहरा कुणी ओळखला नाही, आवाज मात्र शिपायापासून साहेबांपर्यंत सगळ्यांनी ओळखला. बारा वर्षं ती बसस्थानकावर माईकसमोर बसली होती. कुठली गाडी कुठे लागली, कुठली उशिरा, कुठली रद्द, हे अख्खं शहर तिच्याच तोंडून ऐकत आलं होतं. हजेरीपटावर नाव काहीही असो, आम्ही तिला घोषणाबाई म्हणायला लागलो. तिला ते आवडायचं. त्या वेळी तरी.

मी तिथे नकाशे काढायचो. रस्ता रुंद करायचा असेल, पूल बांधायचा असेल, तर मधे येणारी वस्ती उठवायची आणि लोकांना दुसरीकडे घरं द्यायची, हे आमच्या खात्याचं काम. तिचं टेबल माझ्या टेबलाला लागून, मधे फक्त एक लोखंडी कपाट. त्यामुळे पुढे जे घडलं ते मी ऐकलं, पाहिलं आणि थोडंफार माझ्या हातांनी केलंही.

पहिल्या आठवड्यात डबा खाताना ती स्थानकावरच्या गमती सांगायची. "गाडी पाऊण तास उशिरा आहे असं सांगितलं ना, की लोक खिडकीवर धावून यायचे. शिव्या, आदळआपट. मग मी एक दिवस सांगितलं, गाडी नदीचा पूल ओलांडून आली आहे, नऊ किलोमीटरवर आहे. सगळे गप्प बसले. एकाने तर माझ्याकडे बघून हात हलवला. गाडी आली पाऊण तासानेच."

"म्हणजे शेंडी लावलीत," मी म्हणालो.

"छे हो. पूल ओलांडलाच होता. खोटं काय त्यात?"

आम्ही हसलो. तिच्या घरीही हा चेष्टेचा विषय होता. नवरा चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा, तो म्हणायचा, हिला जेवायला किती वेळ आहे असं विचारू नका, तासभर असला तरी ही म्हणेल फक्त भाजी उतरायची आहे. सासूबाई त्यावर म्हणायच्या, भाजी अजून बाजारात असते, पण उतरायची आहे हे खरंच.

त्या वर्षी आमच्याकडे कालव्याकाठच्या वस्तीचं काम आलं. कातड्याच्या कारखान्यामागची चारशे तीस घरं. त्या भागाचा वास मी कधी विसरणार नाही. कुजलेलं कातडं, चुना आणि साचलेलं पाणी, तिन्ही एकदम नाकात शिरायचे आणि कपड्यांतून घरापर्यंत यायचे. पण तिथे राहणाऱ्यांची कामं तिथेच होती, शाळा तिथे होती, आणि कालव्यावरचा छोटा पूल ओलांडला की आठ मिनिटांत सरकारी दवाखाना.

नियम असा होता की लोकांना दोन पर्याय द्यायचे आणि त्यांनी राजीखुशीने निवडायचं. अर्जावर दोन चौकटी. पहिली चौकट म्हणजे शहराबाहेरच्या नव्या वसाहतीतलं तयार घर, येत्या सोमवारी किल्ली. दुसरी चौकट म्हणजे कारखान्याच्या भिंतीपलीकडे, दहा मिनिटांच्या वाटेवर बांधायची इमारत. ती होईपर्यंत जवळच्याच पत्र्याच्या शेडमध्ये राहायचं. साहेबांना सगळ्यांनी पहिली चौकट भरायला हवी होती. भिंतीपलीकडच्या त्या जागेवर आणखी कुणाकुणाचा डोळा होता, ते आम्ही विचारलं नाही. आमच्या खात्यात विचारणाऱ्यांची बदली होते.

साहेबांविषयी थोडं सांगतो. स्वच्छ पांढरा शर्ट, मऊ बोलणं, आणि बोलता बोलता कागदाची पिन सरळ करून कानात फिरवायची सवय. पिनेवर जे येई ते निरखून बघायचे, मग ती पिन पुन्हा ट्रेमध्ये टाकायचे. दुसऱ्या दिवशी तीच पिन कुणाच्या तरी अर्जाला लागलेली असायची.

बाई अर्ज भरून घेण्याच्या खिडकीवर बसली. सुरुवातीला तिने सरळच सांगितलं. नवी वसाहत एकवीस किलोमीटर. जवळची इमारत, दोनेक वर्षं. पहिल्या सत्तर घरांपैकी नऊ घरांनी लांबची वसाहत घेतली. बाकी सगळे म्हणाले, एकवीस किलोमीटर? बाई, आम्ही काय पाखरं आहोत का?

मग एक दिवस एक म्हातारी आली. तिने विचारलं, "एकवीस किलोमीटर म्हणजे किती गं?"

बाईला तिची दया आली. दयेपोटीच तिने सांगितलं, "आजी, थेट बस आहे. पस्तीस मिनिटं."

"एवढंच? मग कर की तिथलं," असं म्हणून म्हातारीने अंगठा पुढे केला.

साहेब मागे चहाचा कप घेऊन उभे होते. ते कप घेऊन आत गेले. दुपारी बाईला बोलावून म्हणाले, "बाई, किलोमीटर कशाला सांगता? लोकांना किलोमीटर कळत नाही. वेळ कळतो. आणि त्या दुसऱ्या इमारतीचं दोनेक वर्षं असं मोघम सांगू नका. कागदावर सव्वीस महिने आहेत, तर सव्वीस महिने सांगा. अचूक सांगावं माणसाने."

तिने तसं सांगितलं. लोक सव्वीस महिने ऐकून थबकायचे. मग तिलाच सुचलं, की आठशे दिवस म्हटलं तर? आठशे दिवस पत्र्याखाली की पस्तीस मिनिटं बसमध्ये? असं समोरासमोर ठेवलं की माणूस विचारच करत नसे. मी कपाटापलीकडून ऐकायचो. तोच आवाज, घाई नाही, दाब नाही, शेवटचा शब्द किंचित खाली आणलेला.

माझ्याही वाट्याला काम आलं. साहेब म्हणाले, "खिडकीशेजारी लावायला मोठा नकाशा काढा. वस्ती इथे, वसाहत तिथे. मधली रेघ सरळ काढा. वळणं दाखवून लोकांना घाबरवायचं कशाला?" सरळ रेघेत ते अंतर बाराच किलोमीटर भरतं. मी रेघ काढली, जाड, हिरवी. खाली प्रमाण लिहिलं नाही. सव्वीस वर्षांच्या नोकरीत प्रमाण न लिहिलेला तो माझा एकमेव नकाशा. दुपारी मी नेहमीसारखा डबा खाल्ला, नीट पचलासुद्धा.

महिन्याभरात आणखी अडीचशे अर्ज झाले, त्यातले सव्वादोनशे पहिल्या चौकटीचे. साहेबांनी केक आणला. तुकडे हाताने मोडून वाटले, मघाच कानातून निघालेल्या हाताने. सगळ्यांनी खाल्ले, मीही. ते म्हणाले, "बाईंच्या बोलण्याची टिपणं काढून सगळ्या शाखांना पाठवतोय. याला म्हणतात समजावणं." मग बोटं चाटून समोरच्या अर्जाच्या मागच्या बाजूला पुसली. बाई लाजून हसली. तिला कुणी आजवर केक आणला नव्हता.

त्या अडीचशेत एक इस्त्रीवाला होता. त्याच्या बायकोची मूत्रपिंडं गेली होती, आठवड्यातून तीन वेळा डायलिसिस. अर्ज भरताना त्याने दोनदा विचारलं होतं.

"बाई, पस्तीस मिनिटं नक्की ना? हिला दवाखान्यात न्यावं लागतं."

"वेळापत्रकात आहे, दादा. मी स्वतः स्थानकावर होते. ती गाडी मला माहीत आहे."

"मग जमेल. पस्तीस मिनिटं ती बसू शकते," असं म्हणून त्याने सही केली.

चार महिन्यांनी तो पुन्हा खिडकीवर आला. पत्ता बदलल्याचा दाखला हवा होता. बाईने त्याला ओळखलं, घरच्यांची चौकशी केली. तो म्हणाला, "ती आता दोनदाच जाते. तीनदा झेपत नाही."

"का?"

"जायला दोन तास, बसची वाट बघायची ती वेगळी, यायला दोन तास. मधे चार तास मशीनवर. घरी येते तेव्हा तिला उभं राहवत नाही. मागच्या महिन्यात म्हणाली, एक दिवस कमी करू या."

"पण पस्तीस मिनिटं..."

"हो, पहाटे पाच वीसची गाडी पस्तीस मिनिटांतच येते. तुम्ही खोटं नाही बोललात, बाई. तिचा मशीनवरचा नंबर सकाळी अकराचा आहे, एवढंच."

त्याने ते रागाने म्हटलं नाही, समजूत घातल्यासारखं म्हटलं. दाखला घेतला, घडी केली, खिशात ठेवला. बाईने खिडकी लावून घेतली. रांगेत माणसं होती, ती ओरडायला लागली. ती उठून मोरीकडे गेली आणि बराच वेळ आली नाही. परत आली तेव्हा तिचं तोंड ओलं होतं.

"काय झालं?" मी विचारलं.

"मला आवाजाची शिसारी आली," ती म्हणाली. "माझ्याच."

दुसऱ्या दिवशी तिने रजा टाकली आणि सकाळी नऊच्या गाडीने वसाहतीत गेली. मी गेलो नव्हतो, तिने नंतर सांगितलं तेच सांगतो. थेट बस म्हणजे मधे बदलायची नाही एवढंच, थांबे एकेचाळीस होते. नाक्यावर बस अर्धा तास जागची हलली नाही. शेजारच्या बाईला उलटी झाली, वाहकाने वाळू टाकली, वाळूवर पाय पडून ती सगळ्या बसभर झाली. उतरली तेव्हा घड्याळात अकरा वाजत आले होते. वसाहतीच्या तोंडाशी मैल्याची टाकी उघडी, तिच्यावर माशांचं काळं झाकण. इस्त्रीवाल्याचं घर चौथ्या मजल्यावर, लिफ्टसाठी सोडलेल्या रिकाम्या जागेत लोकांनी केर टाकलेला. तो कुणी उचलत नव्हतं, कारण लिफ्ट येणार आहे, तेव्हा तो निघेलच, असं सगळ्यांना सांगितलेलं होतं.

इस्त्रीवाला घरी नव्हता. धंदा जुन्या जागीच होता, पहाटे पाच वीसला जायचा. बायको खाटेवर पडलेली. पाय सुजलेले, चेहरा पिवळट. बाईने आपण कोण ते सांगायला तोंड उघडलं, तशी ती म्हणाली, "राहू दे. आवाजावरून कळलं. आम्ही तिकडे राहायचो तेव्हा बसस्थानकाचा भोंगा घरात ऐकू यायचा. अर्ज भरून हे घरी आले आणि म्हणाले, ती स्थानकावरची बाई आहे, तिने सांगितलंय. म्हणून मीही म्हटलं, बरं केलंत."

बाई म्हणाली, "माझं चुकलं."

"चुकलं म्हणजे काय? तुम्हाला गाड्यांचं माहीत नव्हतं?"

बाईला सगळ्या गाड्या पाठ होत्या. सकाळी नऊनंतर नाक्यावर काय होतं, हे तिच्याइतकं शहरात दुसऱ्या कुणालाच ठाऊक नव्हतं.

"पाणी हवं असेल तर खालून आणावं लागेल," इस्त्रीवाल्याची बायको भिंतीकडे वळून म्हणाली. "आणि आणायला गेलात तर परत वर येऊ नका."

घरी तिने नवऱ्याला सगळं सांगितलं. तो भला माणूस. म्हणाला, "तू कुठे खोटं बोललीस? कागदावर होतं तेच सांगितलंस."

"खोटं बोलले असते तर बरं होतं. खोटं पकडता येतं," ती म्हणाली. सासूबाई आतून म्हणाल्या, "मग आता काय करणार आहेस ते कर. रडणं आम्हाला ऐकवू नकोस." सासूबाईंचा हा बोल तिने मला मुद्दाम सांगितला. त्या दिवसांत तिला तेवढंच एक बोलणं स्वच्छ वाटलं असं म्हणाली.

सोमवारी ती लवकर आली. माझ्या नकाशावर तिने पांढरा कागद चिकटवला आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं. रस्त्याने एकवीस किलोमीटर. पहाटे पाच वीसला पस्तीस मिनिटं. सकाळी नऊला एक तास पन्नास मिनिटं. संध्याकाळी सहाला दोन तास पाच मिनिटं. दिवसाला गाड्या सहा. त्याखाली इमारतीचं लिहिलं, सव्वीस महिने, म्हणजे दोन वर्षं दोन महिने, आणि पुढे महिन्याचं नाव आणि साल. तोंडानेही ती सगळं तसंच सांगायला लागली. लोक ऐकायचे, घरी जायचे, माणसांना घेऊन पुन्हा यायचे. एका अर्जाला तीन तीन दिवस लागत.

साहेबांनी तिला आत बोलावलं. दार उघडंच होतं.

"बाई, एवढं सांगितलं तर माणूस गोंधळतो."

"गोंधळू दे, साहेब. घर त्याचं आहे."

"तुमचं काम माहिती देणं आहे, घाबरवणं नाही."

"मी आधी जे करत होते ते माहिती देणं नव्हतं. ओकारी येते मला त्याची."

साहेब हसले, पिन उचलली, कानात घातली. "हे बघा, आपण कुणाच्याही हाताला धरून सही घेतली नाही. दोन्ही चौकटी तिथेच होत्या. लोकांनी स्वतः निवडलं."

"हो. हेच तर तुम्हाला हवं होतं," ती म्हणाली आणि बाहेर आली.

अर्ज न भरता थांबलेल्या उरलेल्या एकशे दहा घरांपैकी एकोणऐंशी घरांनी जवळची इमारत घेतली. पण जे आधीच गेले त्यांचं काय? तिने वरच्या कार्यालयात अर्ज केला, की पहिली चौकट भरलेल्या सव्वादोनशे घरांना पुन्हा निवडू द्या. वरून विचारणा आली, अंतर चुकीचं दाखवलं याला पुरावा काय? पुरावा माझ्याकडे होता. रस्त्याची मोजणी मीच केली होती. आणि तो हिरव्या रेघेचा नकाशाही माझाच.

ती माझ्या टेबलापाशी येऊन उभी राहिली. "नकाशेवाले, मोजणीची प्रत द्या. आणि रेघ सरळ का काढली ते दोन ओळींत लिहून द्या. सहीनिशी."

"प्रत देतो," मी म्हणालो. "सहीचं बघू."

"काय बघायचं?"

"माझी अजून चार वर्षं आहेत, बाई."

"चार वर्षं म्हणजे दीड हजार दिवस," ती म्हणाली. मग तिचं तिलाच कळलं आपण काय बोललो ते, आणि तिने असं तोंड केलं जसं काही नासलेलं चावलं गेलं असावं. "द्या. प्रत तरी द्या."

मी प्रत दिली. कोपऱ्यातलं माझं नाव आणि सही झाकून छायाप्रत काढली होती. तिने ते पाहिलं, कागद पिशवीत घातला. बिननावाच्या कागदाला जेवढी किंमत असते तेवढीच त्याला मिळाली. चौकशी झाली, पण आजारपण किंवा शाळा असं ठोस कारण दाखवणाऱ्या तेवीस घरांनाच परत यायची परवानगी मिळाली. बाकीच्यांना उत्तर गेलं, की आपण राजीखुशीने निवड केली आहे.

त्या तेवीस घरांत इस्त्रीवाल्याचं घर होतं. तो बायकोला घेऊन पत्र्याच्या शेडमध्ये आला. पुन्हा पूल ओलांडून आठ मिनिटं, पुन्हा आठवड्यातून तीन वेळा. ती पुढे एकोणीस महिने जगली. अधेमधे शेडच्या दाराशी बसून कपड्यांच्या घड्या घालताना मी तिला पाहिलं आहे. वसाहतीत असताना तिच्या मशीनच्या पाळ्या चुकल्या नसत्या तर आणखी किती जगली असती, हे डॉक्टर सांगत नाहीत, आणि आम्ही कुणी विचारलं नाही.

जवळची इमारत सव्वीस महिन्यांत झाली नाही. एकावन्न लागले. ज्यांनी बाईचं ऐकून जवळची जागा घेतली होती, ते सव्वाचार वर्षं पत्र्याखाली तापले आणि भिजले. तोपर्यंत तिची बदली जन्ममृत्यू नोंदणीच्या खिडकीवर झाली होती. लोक तिथे शोधत जायचे आणि तोंडावर बोलायचे. एक जण तिच्यासमोर थुंकली. बाईने कागद घेऊन स्वतः पुसलं आणि पुढच्याला बोलावलं. सव्वीस हा आकडा तिने कागदावरून वाचला होता, बनवला नव्हता. पण ती असं कधी म्हणाली नाही. कागदावर होतं हे वाक्य तिने बोलण्यातून काढूनच टाकलं होतं.

साहेबांना बढती मिळाली. टिपणं सगळ्या शाखांत गेली, चांगल्या कागदावर छापून, बाईचं नाव काढून. आठशे दिवस आणि पस्तीस मिनिटं असे शब्द नव्हते, रिकाम्या जागा होत्या, आपापले आकडे भरायला. मी ती फाईल लावून ठेवली. ते माझंच काम होतं.

इस्त्रीवाल्याची बायको गेली तेव्हा मी निरोप द्यायला नोंदणीच्या खिडकीवर गेलो होतो. तर बाईनेच तिच्या मृत्यूचा दाखला लिहिला होता. "भेटून येणार का त्यांना?" मी विचारलं.

"नाही. जाऊन काय, मला बरं वाटेल एवढंच. ते मला नको आहे."

त्यानंतर वर्षाने ती बाजारात दिसली. बटाटे निवडत होती, एकेक हातात घेऊन, दाबून, खाली ठेवून. केस बरेच पिकले होते. मी समोर जाऊन उभा राहिलो तेव्हा तिने ओळखलं, नवऱ्याची, सासूबाईंची खुशाली सांगितली. मग तिने विचारलं, "तुम्ही त्याच ऑफिसात?"

"हो."

"अजून?"

मी काही बोलायच्या आत ती बटाटेवाल्याकडे वळली आणि यातले सडके बाजूला काढ म्हणून त्याच्याशी हुज्जत घालायला लागली.